सांध्यांवरचा कारभार
(प्रस्तावना)

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाणारी सडक मुकुंदवाडी ओलांडून पुढे गेली, की सुखना नदीच्या काठचे चिकलठाण्याचे जुने गाव, विमानतळाची धावपट्टी आणि औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेली कारखान्यांची वसाहत, अशा तीन निरनिराळ्या काळांच्या वस्त्या एकमेकींना खेटून नांदत असलेल्या दिसतात. या वसाहतीत औषधे तयार होतात, यंत्रांचे सुटे भाग घडतात, आणि त्यांतला पुष्कळसा माल न्हावाशेव्याच्या बंदरातून परमुलखी रवाना होतो. अशा एखाद्या कारखान्याने हँबुर्गच्या व्यापाऱ्यास पाठविलेल्या मालाचे पैसे एके दिवशी दुपारी त्याच्या खात्यावर जमा होतात, हिशेबनिसाच्या मोबाईलवर तसा संदेश उमटतो, आणि तो पुढच्या बिलाकडे वळतो. ही घटना इतकी नित्याची झाली आहे की तीत काही सांगण्यासारखे आहे असे कोणास वाटत नाही. प्रस्तुत पुस्तक मात्र सर्वस्वी याच घटनेविषयी आहे.

कारण त्या रकमेने तत्पूर्वी बरीच दौड केलेली असते. व्यापाऱ्याने आपल्या बँकेस हुकूम दिला. त्या बँकेने ती रक्कम त्याच्या नावे टाकून बेल्जियममधील स्विफ्ट या संस्थेच्या जाळ्यातून निरोप धाडला. आपल्या बँकेचे युरो ज्या परदेशी खात्यात राहतात, आणि ज्याला बँकेतील माणसे नोस्ट्रो म्हणतात, त्यात ती जमा झाली. निरोप मुंबईस पोहोचल्यावर पाठविणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव निर्बंध घातलेल्या व्यक्तींच्या याद्यांशी ताडून पाहण्यात आले. युरोचे रुपये करण्याचा भाव ठरला. परकीय चलनाच्या कायद्यान्वये रक्कम कोणत्या कारणास्तव आली त्याचा संकेतांक नोंदला गेला. कस्टम खात्याकडून आलेल्या शिपिंग बिलाशी तिची सांगड रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या निर्यात-नोंदणीच्या यंत्रणेत घालण्यात आली. आणि मग कोठे चिकलठाण्याच्या खात्यावर जमेची नोंद पडली.

यांतील प्रत्येक टप्पा निराळ्या प्रणालीचा आहे. एखादी मुंबईत घडलेली, एखादी बंगळुरास, एखादी परदेशात; एखादी गेल्या वर्षीची, तर एखादी कित्येक दशकांपूर्वी कोबोल भाषेत लिहिलेली, जिचे कर्ते केव्हाच निवृत्तिवेतन घेऊ लागले आहेत. बाहेरच्या माणसास बँकेचा संगणक ही एक वस्तू वाटते. आत काम केलेल्यास ठाऊक असते की अनेक देशांत पसरलेल्या बँकेत शेकड्यांनी लहानमोठ्या प्रणाली एकाच वेळी चालू असतात, आणि कारभाऱ्याची कसोटी उत्तम प्रणाली निवडण्यात जितकी लागते, त्याहून अधिक त्या प्रणालींमधले सांधे राखण्यात लागते. या विषयात प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे, आणि पुढील प्रकरणांत ते निरनिराळ्या अंगांनी येईल, की बँकेचे यंत्र क्वचित मोडते, सांधा मात्र वारंवार निखळतो. कारण यंत्राला धनी असतो, आणि दोन यंत्रांमधल्या जागेला तो बहुधा नसतो.

मराठवाड्यास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. निजाम सरकारने १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक स्थापन केली तेव्हा संस्थानाचे चलन स्वतंत्र होते. त्यास लोक हाली म्हणत, आणि इंग्रजी मुलखातील रुपयास कलदार. शंभर कलदारांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, म्हणजे सहास सात, असा सरकारी दर होता. सरकारी हिशेबाचे वर्ष फसली, वरिष्ठ कचेऱ्यांचे दफ्तर उर्दूत, आणि पेठेतल्या सावकाराची खतावणी बहुधा मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादची राजवट संपली. त्यानंतर भारतीय रुपया या मुलखात रूढ होत गेला, हाली मागे सरत १९५९ पर्यंत व्यवहारातून पार गेली, आणि दरम्यान, १ एप्रिल १९५७ रोजी, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. म्हणजे ज्या कारकुनाने १९४८ साली नोकरी धरली, त्याने दहा-अकरा वर्षांच्या आत एकाच खातेदाराची शिल्लक प्रथम हालीतून कलदारात आणि मग आणे-पैंतून नव्या पैशांत नेली, आणि वर फसली तारखांच्या जागी इंग्रजी तारखा बसविल्या.

हे गणित वरवर सोपे दिसते तसे नाही. एक हाली रुपया म्हणजे तेरा आणे साडेआठ पैंहून किंचित अधिक कलदार. पैच्या खाली नाणे नाही, तेव्हा उरलेला अंश कोठे तरी सोडावा लागतो किंवा पुरा धरावा लागतो. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. तेथेही तीच अडचण. एका खात्यात अर्धी पै सुटली तर तिची फिकीर कोणी करीत नाही, पण हजार खात्यांत ती सुटली की अडीच रुपयांहून मोठी तफावत पडते, खात्यांची बेरीज मुख्य वहीच्या आकड्याशी जुळत नाही, आणि ज्याच्याकडे मेळाचे काम आहे त्याची रात्र जाते. आज एका बँकेची खाती दुसरीच्या प्रणालीत नेताना तरुण अभियंते ज्या प्रश्नाशी झुंजतात तो तंतोतंत हाच आहे: अपूर्णांक कोणी गिळावा, आणि गिळल्याची नोंद कोठे ठेवावी. या प्रदेशात तो प्रश्न संगणकाच्या आधी येऊन गेला होता, हे आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कोणी सांगत नाही याचा खेद वाटतो.

त्यापुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. हैदराबाद स्टेट बँक १९५६ साली रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली, तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले, आणि १९५९ च्या कायद्याने ती भारतीय स्टेट बँकेची दुय्यम बँक बनली. जाड पुठ्ठ्यांच्या लेजरांचा काळ ऐंशीच्या दशकापर्यंत टिकला. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी डॉ. चक्रवर्ती रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली अहवाल दिला, त्यांच्याच दुसऱ्या समितीने त्या दशकाच्या अखेरीस संगणकीकरणाचा मार्ग आखला, आणि दरम्यान बँकमालकांची संघटना व कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यामध्ये १९८३ पासून झालेल्या करारांनी यंत्रे किती व कोठे बसवावीत याच्या मर्यादा घातल्या. संघटनांच्या या विरोधाची पुढे बरीच हेटाळणी झाली. मला ती अन्यायाची वाटते. यंत्र सावकाश आल्यामुळे खतावणी ज्यांच्या हाडीमासी मुरली होती अशा माणसांनाच ते हाताळावे लागले, आणि यंत्राने दिलेला आकडा खोटा असू शकतो हा संशय त्यांच्या मनात अखेरपर्यंत जागा राहिला. तो संशय ही बँकेची ठेव होती. पुढच्या पिढीने ती मोडून खाल्ली.

नव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोअर बँकिंग आले आणि शाखेची वही शाखेतून उठून गेली. भारतीय स्टेट बँकेने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमार्फत जी प्रणाली घेतली ती मुळात सिडनीच्या एका संस्थेची होती. तिची सूत्रे नवी मुंबईतील बेलापुरास एकवटली. परदेशी शाखांसाठी मात्र इन्फोसिसची फिनॅकल ही दुसरीच प्रणाली योजण्यात आली. या निवडीत चूक काही नाही. परदेशी शाखेस त्या त्या देशाच्या कायद्याप्रमाणे विवरणपत्रे द्यावी लागतात, तेथील सुट्ट्या निराळ्या, चलन निराळे. एकच अंगरखा सर्वांस बसविण्याचा हट्ट धरणाऱ्या बँका शेवटी त्यास इतकी ठिगळे लावतात की मूळ कापड दिसेनासे होते. मात्र दोन प्रणाली पत्करल्या म्हणजे त्यांच्यामधला सांधाही पत्करला, आणि त्याचा खर्च निविदेत दिसत नाही.

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबादसह पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक भारतीय स्टेट बँकेत विलीन झाल्या. मराठवाड्यातील गावोगावच्या शाखांवरची पाटी बदलली, खातेदारांच्या शाखा-संकेतांकातील एसबीएचवाय ही अक्षरे जाऊन एसबीआयएन आली, आणि जुनी धनादेश-पुस्तके त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागली. सहयोगी बँका आधीपासून त्याच कोअर प्रणालीवर चालत होत्या म्हणून हे प्रचंड स्थलांतर टप्प्याटप्प्याने पार पडले; एरवी ते काही महिन्यांत उरकण्याजोगे नव्हते. तरीही ज्या कारखान्याने आपल्या शंभर गिऱ्हाईकांना जुना संकेतांक छापलेली बिले पाठविली होती, त्याच्या दृष्टीने विलीनीकरण त्या दिवशी संपले नव्हते. जुन्या संकेतांकावर येणारी रक्कम नव्या खात्याकडे वळविणारी एक कोष्टकवजा यादी कोठे तरी तेवत ठेवावी लागते. ती किती वर्षे ठेवावी, कोणी ठेवावी, आणि कोणाच्या सहीने बंद करावी, हे तीन प्रश्न ज्या बँकेने लेखी सोडविले आहेत तिचा कारभार बरा समजावा. २०२३ साली शहराचे नाव बदलले तेव्हा पत्त्यांच्या कोष्टकांत हाच खेळ पुन्हा झाला. कर्जाच्या जुन्या करारात औरंगाबाद आणि नव्या पत्रात छत्रपती संभाजीनगर, तेव्हा दोन्ही एकच गाव होय हे यंत्रास कोणीतरी सांगावेच लागते.

आता दिवस मिटविण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या विषयाचे सगळे मर्म मला तेथे दिसते. पूर्वी दुपारी खिडकी बंद होई, रोकड मोजली जाई, व्हाउचरांचे गठ्ठे लागत, रोजकीर्द लिहून होई, जमा व नावे या दोन बाजूंचा मेळ बसे, आणि मेळ बसेपर्यंत कोणी घरी जात नसे. बँकेचा दिवस हा सूर्याचा दिवस नव्हता. तो एक करार होता, की या क्षणी आम्ही सर्वांनी हात थांबविले आहेत आणि या क्षणाची शिल्लक अमुक आहे. संगणक आल्यावर हे काम रात्री चालणाऱ्या कार्यक्रमांच्या मालिकेकडे गेले: व्याज लावणे, हप्ते वसूल करणे, धनादेशांचा निकाल लावणे, पुस्तके बंद करून दुसऱ्या दिवसाची तारीख उघडणे. यास बँकेत डे-एन्ड म्हणतात. मालिकेतील एक कार्यक्रम अडला की त्याच्या मागचे सारे अडतात. ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात जून २०१२ मध्ये ही रात्रीची मालिका चालविणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविण्यात आली, ती बिनसली म्हणून मागे घेण्यात आली, आणि पुन्हा बसविलेली जुनी आवृत्ती नव्याने लिहिल्या गेलेल्या रांगेशी जुळेना; तिच्या व तिच्या भगिनी-बँकांच्या सुमारे ६५ लाख खातेदारांना त्याची झळ लागली, आणि २०१४ साली तेथील नियामकांनी ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. पुढे जाण्याची तयारी सर्वांची असते; परत येण्याची तालीम कोणी केलेली नसते.

पण निदान तेव्हा रात्र होती. आपल्याकडे एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र चालू आहेत. यूपीआय तर २०१६ मध्ये जन्मल्यापासून निजलेलेच नाही. चहाच्या टपरीवर रात्री बारा वाजता दहा रुपये दिले जातात त्या क्षणी बँकेची तारीख बदलत असते. त्यात ती बँक सिंगापुरात, लंडनमध्ये आणि न्यू यॉर्कमध्ये असेल, तर तिच्या पृथ्वीवर पुष्कळ वेळ एकदम दोन तारखा चालू असतात, आणि सगळे हात एकदम थांबले आहेत असा क्षणच उरत नाही. म्हणून आजचा मेळ हा थांबलेल्या रोकडीचा नसून धावत्या प्रवाहाचा आहे: हे दहा रुपये जुन्या तारखेत गेले की नव्या, समोरच्या बँकेने ते कोणत्या तारखेत घेतले, आणि दोहोंत अंतर पडले तर मधल्या काळात ते पैसे कोणाचे. या प्रश्नांसाठी बँका मध्यंतरीची खाती ठेवतात. ज्यास बँकेच्या तंत्राची प्रकृती पाहावयाची असेल त्याने तिचे चकाकणारे ॲप पाहू नये. या मध्यंतरीच्या खात्यांत किती जुन्या रकमा कुजत पडल्या आहेत ते विचारावे.

सांधा निखळल्याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच, एकाच वर्षी घडली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेने जाहीर केले की तिच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशांतील बँक-शाखांना अनधिकृत हमीपत्रे गेली, आणि त्यांची रक्कम अकरा हजार कोटींहून अधिक आहे. हमीपत्राचा निरोप स्विफ्टवरून जात असे, आणि बँकेची खतावणी निराळ्या कोअर प्रणालीत होती. दोहोंमध्ये तार जोडलेली नव्हती. निरोप गेला तरी वहीत नोंद न पडता राहणे यामुळे शक्य झाले, आणि ते वर्षानुवर्षे राहिले. दोन्ही यंत्रे आपापल्या जागी निर्दोष चालत होती, हे या प्रकरणातले लक्षात घेण्यासारखे आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना हा सांधा ठरावीक मुदतीत जोडण्याचे फर्मान काढले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. १९०६ साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेत ११ ऑगस्ट रोजी, शनिवारी, चोरांनी एटीएमच्या जाळ्याशी बोलणाऱ्या स्विचच्या जागी आपला बनावट स्विच उभा केला. अठ्ठावीस देशांतील यंत्रांवर बनावट कार्डे सरकली, पैशाची मागणी झाली, आणि ती मागणी बँकेच्या खतावणीपर्यंत पोहोचण्याआधीच बनावट स्विचने मंजूर करून टाकली. सोमवारी १३ तारखेस स्विफ्टमार्गे आणखी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. खतावणीस कोणी हात लावला नव्हता, खातेदारांच्या शिलकांना धक्का नव्हता. पोखरला गेला तो सांधा.

दोन्ही प्रकरणांनंतर नवी यंत्रे घ्या अशी हाकाटी झाली, यंत्रेही आली. मला विचाराल तर या दोन्ही ठिकाणी सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत जुना होता: निरोपांची यादी आणि वहीतील नोंदी रोज, दुसऱ्याच माणसाने, समोरासमोर ताडून पाहणे. एकाने लिहावे व दुसऱ्याने तपासावे हा नियम संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. आज त्यास मेकर-चेकर म्हणतात, आणि पुष्कळ शाखांत मेकरचा व चेकरचा पासवर्ड एकाच चिठ्ठीवर एकाच ड्रॉवरात असतो.

दुसरा सांधा बँक आणि तिचे मक्तेदार यांच्यामधला. कोणतीही मोठी बँक आज आपले सर्व तंत्र स्वतः चालवीत नाही. केंद्र एकाकडे, जाळे दुसऱ्याकडे, प्रणालीची डागडुजी तिसऱ्याकडे, आणि त्या तिसऱ्याचे पोटमक्तेदार आणखी कोठे. ब्रिटनमधील टीएसबी बँक लॉइड्सपासून विलग होऊन स्पेनच्या साबादेल बँकेकडे गेली, आणि एप्रिल २०१८ मधील एका शनिवार-रविवारी तिची सर्व खाती नव्या मालकाच्या प्रणालीवर नेण्यात आली. सोमवार उजाडला तेव्हा खातेदारांना आपली खाती उघडेनात, काहींना दुसऱ्यांची दिसू लागली. सुमारे १९ लाख लोक अडकले, आणि कारभार पुरता रुळावर येण्यास डिसेंबर लागला. बँकेस ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड झाला. पण त्याहून बोलके पुढचे आहे: २०२३ साली तेथील नियामकाने बँकेच्या तत्कालीन माहिती-तंत्रप्रमुखास व्यक्तिशः ८१,६२० पौंड दंड केला, कारण काम पत्करणाऱ्या संस्थेने ‘आमची तयारी आहे’ असे लिहून दिले ते त्याने पुरेसे पारखून घेतले नव्हते. काम मक्त्याने देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या आउटसोर्सिंगविषयक निर्देशांतही आहे. ते केवळ मोठ्या बँकांसाठी आहे अशा समजुतीत राहू नये. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या संस्थेच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या सुमारे तीनशे लहान बँका, म्हणजे सहकारी व ग्रामीण बँका, देशाच्या देयक-जाळ्यापासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. त्या बँकांच्या गावोगावच्या खातेदारांनी या संस्थेचे नाव त्यापूर्वी ऐकलेही नसेल.

तिसरा सांधा कायद्यांचा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयकांची सर्व माहिती भारतातच साठविण्याचा हुकूम काढला. युरोपीय संघाचा डिजिटल स्थैर्याचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला. प्रत्येक देश आपल्या नागरिकाच्या माहितीवर पहारा ठेवतो. उलट बाजूने, सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स कोसळली तेव्हा आपले तिच्याकडे सर्व देशांतून मिळून एकूण किती येणे आहे हे पुष्कळ बलाढ्य बँकांना झटपट सांगता येईना, म्हणून बाझेलच्या समितीने २०१३ साली असा दंडक घातला की जागतिक महत्त्वाच्या बँकेस आपली जोखीम सर्व देशांतून एकत्र करून त्वरित दाखविता आली पाहिजे. एक म्हणतो माहिती येथून हलवू नका. दुसरा म्हणतो सगळी एका ठिकाणी मांडा. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. कारभाऱ्यास मधला मार्ग शोधावा लागतो, आणि तो बहुधा असा असतो की मूळ नोंद देशात ठेवून तिची बेरीज तेवढी बाहेर जाऊ द्यावी. मग ती बेरीज कोणी, केव्हा व कोणत्या दराने केली याचे दफ्तर ठेवणे ओघानेच आले.

आपत्तीच्या वेळचा राखीव कारभार हे या पुस्तकातील सर्वांत मोठे प्रकरण आहे. बँकेने आपले दुसरे केंद्र निराळ्या भूकंपपट्ट्यात ठेवावे असा संकेत आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या प्रदेशाने पाहिली त्यास याचे कारण समजावून द्यावे लागत नाही. पण भूकंपाहून कितीतरी अधिक वेळा घात होतो तो विजेचा, वातानुकूलनाचा, आणि कोणी तरी घाईने बसविलेल्या पॅचचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य केंद्रातील वीज गेल्याने तिच्या सेवा खंडित झाल्या. आधीच्या दोन वर्षांतही असे प्रकार घडलेले होते. परिणामी रिझर्व्ह बँकेने तिला नवी डिजिटल सेवा काढण्यास व नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. ती पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडला. राखीव केंद्र नसलेली मोठी बँक आज सापडणार नाही. राखीव केंद्रावर आठवडाभर खरा व्यवहार चालवून पाहिलेली बँक मात्र शोधावी लागते. पुष्कळ ठिकाणी ही तालीम रविवारी पहाटे, आधी सर्वांना कळवून, दोन-चार सोप्या व्यवहारांवर उरकली जाते आणि अहवालात ‘यशस्वी’ असा शेरा पडतो. आग लागणार आहे हे ठाऊक असताना केलेल्या आगीच्या तालमीत कोणीच भाजत नाही.

शेवटी माणसे. ड्यूश बँक, बार्कलेज, एचएसबीसी अशा परदेशी बँकांची तंत्रकेंद्रे पुण्यात आहेत, आणि तेथे रात्रपाळीत लंडनच्या किंवा न्यू यॉर्कच्या दिवसाचा पहारा करणाऱ्यांत मराठवाड्यातील महाविद्यालयांतून गेलेली मुले-मुली आहेत. त्यांची बुद्धी तल्लख आहे, मेहनतीस ती मागे नाहीत. पण त्यांतील पुष्कळांना आपल्या हातातील प्रणालीचा तुकडाच ठाऊक असतो. त्याच्या अलीकडे व पलीकडे काय आहे हे त्यांना कोणी दाखविलेले नसते. ज्याने नोस्ट्रो खात्याचा मेळ कधी बसविला नाही तो त्याचे सॉफ्टवेअर दुरुस्त करीत असतो. दोष त्यांचा नाही. अभ्यासक्रमात जमाखर्च नाही, आणि बँकेस नवा माणूस पहिल्या महिन्यातच कामास जुंपावयाचा असतो. दुसऱ्या बाजूस शाखेतील अधिकारी ‘सर्व्हर डाऊन आहे’ या तीन शब्दांत सर्व आपत्ती गुंडाळून टाकतो आणि नेमके काय बंद आहे, केव्हापासून, हे कोठेही टिपून ठेवीत नाही. त्यामुळे केंद्रातील अभियंत्यास अंधारात चाचपडावे लागते. हे दोघे एका टेबलाशी बसतील अशी सोय करणे हे तंत्रप्रमुखाचे पहिले काम आहे असे मी समजतो, आणि कोणतीही सल्लागार संस्था ते त्याच्याकरिता करून देणार नाही.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडेसे. यंत्रांच्या जाती, भाषांची नावे आणि विक्रेत्यांची तुलना येथे जवळजवळ नाही. तसली माहिती छापून होईतो शिळी होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक लहान प्रकरण आहे, आणि ते लहानच असावे असा माझा आग्रह होता. ज्या बँकेस आपल्या दोन प्रणालींतील खातेदारांची नावे एकमेकांशी जुळविता येत नाहीत तिने त्या नावांवर यंत्रास विचार करावयास लावण्याची घाई करू नये. परिभाषेत मी शाखेतील माणसांचे शब्द ठेवले आहेत: डे-एन्ड, पासिंग, मेळ, नावे, जमा. इंग्रजी नावे जेथे रूढ आहेत तेथे ती तशीच आहेत.

वाचकांस एक विनंती. अभियंत्यांनी मेळाचे प्रकरण आणि बँकेच्या अधिकाऱ्यांनी बदल-नियंत्रणाचे प्रकरण कंटाळवाणे म्हणून गाळू नये. दोन्ही परस्परांसाठीच लिहिली आहेत. आणि ज्यांच्यावर एखाद्या बँकेच्या विलीनीकरणाचे काम येऊन पडले आहे आणि हाताशी वेळ थोडा आहे, त्यांनी हे पुस्तक शेवटून वाचावे: नवव्या प्रकरणात परतीच्या वाटेची तालीम कशी घ्यावी ते दिले आहे, आणि ती झाल्याखेरीज स्थलांतराची तारीख जाहीर करू नये.